धर्माची गाय आणि तिचे दात

सत्तरी ओलांडलेल्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि सगळी नोकरी निबंधाच्या वह्या तपासण्यात घालवलेल्या बाईनं सर्किट बोर्डाबद्दल लिहावं हा जरा आगाऊपणाच आहे. पण गेल्या पावसाळ्यापासून माझ्या जेवणाच्या टेबलावर जे चाललंय ते कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. नेहमीच्या वाचकांना माझी सवय आहेच. नवीन कुणी आलं असेल तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

झालं असं, की माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम. राहायला बैंगनवाडीत, म्हणजे स्टेशनच्या पलीकडे. मी अलीकडे, पूर्वेला. आई मला बाई म्हणते म्हणून तोही बाईच म्हणतो. एका रविवारी लॅपटॉप काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "बाई, कायकॅडमध्ये अडकलोय."

मला वाटलं प्रश्न विचारतोय. म्हटलं, "काय कॅड?"

"हो, तेच."

"अरे पण काय?"

"कायकॅड, बाई!"

असे दोनतीन फेरे झाल्यावर उलगडलं की सर्किट बोर्डाचा आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरचं ते नाव आहे. मूळ उच्चार कीकॅड म्हणे. पण आमच्याकडे कायकॅडच रुळलं आणि मला तेच जास्त समर्पक वाटतं. ते उघडल्यावर पहिला तासभर तोंडातून 'काय?' याखेरीज दुसरा शब्द निघत नाही.

माझ्याकडे येण्याचं कारण इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं, हे उघडच आहे. सॉफ्टवेअर जे निरोप देतं ते इंग्रजीत, आणि त्याच्या ओळखीत इंग्रजी डिक्शनरी घरात असलेली व्यक्ती मी एकटीच. त्याला शब्दांचे अर्थ हवे होते. मी म्हटलं, ठीक आहे, उतारा समजून वाचू या.

आता त्याला बनवायचं काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं का एवढं मनाला लागलं ते कळेल. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी यायची वेळ ठरलेली नाही. कधी पहाटे तीनला येतं, कधी साडेचारला, आणि थोड्या वेळात जातं. त्याची आई वर्षानुवर्षं एक कान उघडा ठेवून झोपते. सातवीत माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी ती. तिचे डोळे आज सदा सुजलेले असतात. तर या पोरानं ठरवलं की नळाला पाणी आलं की वाजणारी घंटा करायची. नळाच्या तोंडाशी दोन तारा. त्यांच्यामध्ये पाणी आलं की जेमतेम प्रवाह वाहतो, एक ट्रान्झिस्टर तो ओळखतो आणि ५५५ नावाची चिप आवाज काढते. ही चिप १९७२ पासून बाजारात आहे आणि अजून लॅमिंग्टन रोडवर चहाच्या पैशात मिळते. नऊ व्होल्टची बॅटरी लावली की झालं. एक घंटा त्यानं भोकाभोकांच्या तयार पट्टीवर तारा डकवून केली होती आणि ती वाजतही होती. पण गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी मागणी केली. दहा घंटा करायच्या तर दरवेळी तारांचं जंजाळ कोण करत बसणार? म्हणून छापील बोर्ड, ज्याला ही मुलं पीसीबी म्हणतात. पैसे आईनं भिशीतून काढून दिले.

छापील बोर्ड मला अगदीच अनोळखी नव्हता. १९८० च्या दशकात आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मोठ्या वर्गातली मुलं तो हातानं करायची. एका बाजूला तांब्याचा पत्रा चढवलेली पाटी घ्यायची, तिच्यावर ऑइलपेंटनं बारीक ब्रश धरून रेघा काढायच्या, आणि मग ती फेरिक क्लोराइडच्या पिवळसर तपकिरी पाण्यात हलवत बसायचं. रंगाखालचं तांबं राहतं, उघडं तांबं विरघळून जातं. मग रंग पुसला की तांब्याच्या रेघा, म्हणजेच तारा, तयार. गणवेशावर त्या पाण्याचे डाग पडले की निघत नसत आणि पालक मुख्याध्यापकांकडे येत. पुस्तकात त्याला 'विद्युत परिपथ' म्हणायचं आणि मुलं म्हणायची सर्किट. पुढे २००३ मध्ये मुन्नाभाई आला तेव्हापासून तर 'सर्किट' म्हटलं की वर्ग हसायचा.

आता ऑइलपेंट गेला. आराखडा संगणकावर काढायचा, त्याच्या फायली कारखान्याला पाठवायच्या आणि बोर्ड कुरियरनं घरी येतो. ऐकायला किती छान!

पहिली अडचण म्हणजे हे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं तर सगळ्या सामानासकट एक जीबीच्या वर जातं. मोबाइलचा डेटा पुरवून पुरवून त्यानं ते दोन दिवसांत आणलं. मग चित्र काढायला बसला. एखादा भाग जरा डावीकडे सरकवावा म्हणून 'एम' दाबलं, तर भाग सरकला आणि त्याला जोडलेल्या तारा जागच्या जागी लोंबकळत राहिल्या. तारांसकट सरकवायचं असेल तर 'जी' दाबायचं असतं. हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचं कसं? घरात कपाट सरकवताना आतले कपडे मागे राहिले तर आपण त्याला सरकवणं म्हणू का?

मग प्रत्येक भागाला 'फूटप्रिंट' द्यायची. चित्रातलं चिन्ह वेगळं आणि त्या भागाचे पाय बोर्डावर जिथे घुसणार ती भोकं वेगळी. दोघांची गाठ आपण घालून द्यायची. हे मला आवडलं, कारण शब्द आणि अर्थ यांचंही असंच असतं. पण यादी उघडली तर एका साध्या रोधकासाठी ओळीवर ओळी, आकड्यांनी भरलेल्या. मुलगा म्हणाला, "बाई, यातला आपला कुठला?" दुकानात गेल्यावर आपण म्हणतो 'साधा द्या', तसं साधं काही त्या यादीत नव्हतंच. मग पट्टी घेऊन रोधकाच्या पायांमधलं अंतर मोजलं.

फूटप्रिंट बोर्डावर आणल्या की कोण कुणाला जोडायचं ते दाखवणाऱ्या बारीक पांढुरक्या रेषांचा गुंता दिसतो. त्याचं इंग्रजी नाव 'उंदराचं घरटं'. उंदीर घरटं करतो की बीळ, यावर आमची दहा मिनिटं गेली.

एकदा निरोप आला की दोन भागांची 'कोर्टयार्ड्स' एकमेकांवर चढली आहेत. कोर्टयार्ड म्हणजे अंगण, मी अर्थ सांगितला. प्रत्येक भागाभोवती थोडी मोकळी जागा धरलेली असते, तिथे दुसऱ्यानं यायचं नाही. पोरगं पडद्याकडे बघत म्हणालं, "आमच्या गल्लीत तर अख्खं एररच येईल मग." हसलो दोघंही. पण नंतर भांडी विसळताना ते वाक्य मला पुन्हा आठवलं.

या सगळ्यावर कळस म्हणजे वीज नसल्याची तक्रार. चित्र पूर्ण झालं, तपासणीचं बटण दाबलं, तर लाल बाण. ५५५ ला वीज कुणी पुरवत नाही, असा त्याचा मथितार्थ. आता समोर ढळढळीत दिसतंय की बॅटरीचं टोक त्या चिपला जोडलंय. पुसून पुन्हा जोडलं. परत लाल बाण. रात्रीचे अकरा वाजले, त्याच्या आईचा फोन आला, तरी बाण जाईना. दुसऱ्या दिवशी त्यानंच कुठून तरी शोधून काढलं की 'पॉवर फ्लॅग' नावाचं एक निशाण तिथे नेऊन ठोकायचं असतं. त्या निशाणाला ना पाय, ना भोक. ते प्रत्यक्ष बोर्डावर येतच नाही. ते फक्त सॉफ्टवेअरला सांगतं की बाबा रे, इथून वीज येते, माझ्या शब्दावर विश्वास ठेव. बॅटरी जिथे जोडायची ते टोक त्याच्या लेखी नुसतं दोन पायांचं टोक. त्यातून वीजच येणार आहे हे त्याला कोण सांगणार?

हे ऐकलं मात्र आणि मला एकदम पटलं! अहो, आम्ही पेन्शनर दर नोव्हेंबरात काय करतो? हयातीचा दाखला देतो. बाई काउंटरसमोर धडधडीत उभी आहे, बोलते आहे, पण कागदावर जिवंत असल्याचं लिहून दिल्याशिवाय ती जिवंत नाही. पॉवर फ्लॅग म्हणजे विजेचा हयातीचा दाखला. मी तसं सांगितल्यावर त्याच्याही जे डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे वर्गातल्या चार मुलांना त्यानं याच शब्दांत समजावलं.

इथेच माझी मूळ तक्रार आहे. नियम चुकीचा नाही. निरोपही खोटा नाही. पण तो वह्या तपासणाऱ्या घाईतल्या मास्तरसारखा आहे: चुकीखाली लाल रेघ मारली आणि पुढची वही ओढली. आम्हाला डी.एड., बी.एड. झालेल्या जुन्या मंडळींनी नोकरीच्या सुरुवातीला एक गोष्ट शिकवली होती. चूक दाखवलीत की समासात एक ओळ लिहा. 'इथे दीर्घ का, ते बघ' एवढंच. त्या एका ओळीनं मुलगा वही मिटतो की उघडतो हे ठरतं. ज्यांनी हे निरोप लिहिले त्यांना ते वाचताच कळतात, कारण त्यांना उत्तर आधीच ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ती ओळ असते.

आता हे निरोप लिहिणारी मंडळी कोण, याची मला उत्सुकता लागली. बघितलं तर काय, सुरुवात एका शिक्षकानं केलेली! फ्रान्समध्ये ग्रेनोब्लच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणारे झाँ-पियेर शारा यांनी १९९२ मध्ये हे काम हाती घेतलं. पुढे जगभरातल्या लोकांनी त्यात भर घातली. जिनिव्हाजवळची सर्न ही अणुसंशोधन संस्था, जिथे २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा झाली, तिथल्या अभियंत्यांनीही हातभार लावला. सर्न म्हटलं की मला आमच्या शेजारचं अणुशक्तीनगर आठवतं. आपल्या अणुऊर्जा खात्यानं २००४ मध्ये सर्नला भेट दिलेली नटराजाची मूर्ती आजही तिथे उभी आहे. त्या अभियंत्यांनी या सॉफ्टवेअरला एक मोठी गंमत दिली. बोर्डावर नवी तार ओढत नेताना जागा नसेल तर आधीच्या तारा आपणहून सरकून वाट देतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, ही तर आपली हार्बर लाइनची चौथी सीट! तिघं बसलेले असतात, चौथा नुसता टेकतो, आणि कुणी एक शब्द न बोलता सगळे अर्धा इंच सरकतात.

२०१९ पासून हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. पैसे नाहीत, परवाना शुल्क नाही, बोर्डाच्या आकारावर मर्यादा नाही.

आणि इथेच घोडं अडतं. मी माझ्या नात्यातल्या एका इंजिनिअरला फोनवर हे सगळं वैतागून सांगितलं, तर तो म्हणाला, "मावशी, फुकट आहे ना? मग तक्रार कसली? धर्माच्या गाईचे दात मोजतात का?"

फोन ठेवला तरी ते माझ्या डोक्यातून जाईना. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. फुकटची शाळा आहे, मग बाक मोडका का म्हणता? फुकटची पुस्तकं आहेत, मग सप्टेंबरात आली म्हणून काय झालं? फुकटचा दवाखाना आहे, मग रांगेचं काय एवढं? पैसे मोजणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणतात, त्याची तक्रार वहीत लिहून घेतात. न मोजणाऱ्याची तक्रार म्हणजे कृतघ्नपणा! माझ्या त्या नातेवाइकाला कंपनीनं महागडं सॉफ्टवेअर घेऊन दिलंय. कायकॅड आवडलं नाही तर तो दुसरीकडे जाईल. बैंगनवाडीतला मुलगा कुठे जाईल? त्याला ही एकच गाय. मग तिला दात आहेत की नाहीत हे त्यानं नाही तर कुणी बघायचं? शिवाय ही गाय दान केलेलीच नाही मुळी. ती गावाची आहे. ती सांभाळणारे स्वतःच सांगतात की चुका कळवा, जमलं तर दुरुस्त करा. म्हणजे दात मोजायचं आमंत्रणच आहे.

अर्थात फुकटात राबणाऱ्या माणसांवर तोंड टाकणंही बरं नव्हे, हे मला कळतं. शाळेत गॅदरिंगचा पडदा शिवून देणाऱ्या पालकाला कुणी 'चुणी वाकडी पडली' म्हणून हिणवलं तर मी त्यालाच दटावलं असतं. पण चुणी वाकडी आहे हे सांगायचंच नाही, असंही नाही ना?

मग विकतचं का नको? या प्रश्नाचं उत्तर मला ईगल नावाच्या सॉफ्टवेअरनं दिलं. १९८८ मध्ये जर्मनीतल्या कॅडसॉफ्ट कंपनीनं ते काढलं. छोट्या बोर्डापुरतं ते मोफतही मिळायचं, त्यामुळे हौशी मंडळी आणि विद्यार्थी त्यावर वाढले. २०१६ मध्ये ऑटोडेस्कनं ते विकत घेतलं, २०१७ मध्ये एकदाच विकत घ्यायची सोय जाऊन वर्गणी आली, आणि २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ७ जून २०२६ पासून ईगल बंद. ज्यांना पुढे काम करायचंय त्यांनी आमच्या फ्यूजनमध्ये यावं. कंपनीनं आधी तीन वर्षं सांगितलं, त्यात फसवणूक काही नाही. दुकान त्यांचं, शटर त्यांचं. पण ज्यानं दहा वर्षांचं काम त्यात ठेवलं त्याचं काय? गंमत म्हणजे अशांना वाट करून दिली ती या कायकॅडनं. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून ईगलच्या फायली त्यात उघडता येतात.

मी एकदा सहज या मुलाची कायकॅडची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडायला लावली. उघडली की हो! कंसात कंस, त्यात पुन्हा कंस, पण आत चक्क वाचता येणारे शब्द. कुठला भाग, कुठल्या जागी, कुठल्या तारेला. उद्या हे सॉफ्टवेअर बनवणारे सगळेच संन्यास घेऊन गेले तरी ही वही कुणालाही वाचता येईल. माझ्यासारख्या बी.ए.वाल्या बाईला हा युक्तिवाद पुरेसा आहे.

पण याच फायलीनं आम्हाला रडवलंसुद्धा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नवी आवृत्ती होती. याच्या लॅपटॉपवर जुनी, कारण जुन्या विंडोजवर नवी चढतच नाही. एके दिवशी त्यानं कॉलेजात बसून बोर्ड पुरा केला आणि तिथेच सेव्ह करून आणला. घरी उघडेना. फायलीच्या वरच्याच ओळीत तिच्या रचनेची तारीख लिहिलेली असते. ती आपल्यापेक्षा पुढची दिसली की जुनी आवृत्ती हात वर करते. जुन्याचं नव्यात उघडतं, नव्याचं जुन्यात नाही. नातवाला आजीची भाषा कळते, आजीला नातवाची कळत नाही, तसं म्हणा. प्रोजेक्ट दाखवायला चार दिवस उरले होते. प्रयोगशाळा शनिवार-रविवार बंद. तीन रात्री जागून त्यानं तो बोर्ड जुन्या आवृत्तीत पहिल्यापासून काढला, माझ्या टेबलावर, माझ्या पंख्याखाली. मी मध्ये मध्ये चहा केला आणि 'जी दाब, एम नको' म्हणत राहिले.

पवईच्या आयआयटीचं नाव इथे घ्यायला हवं. तिथल्या फॉसी प्रकल्पानं ई-सिम नावाचं सॉफ्टवेअर काढलंय. पूर्वी त्याला ऑसकॅड म्हणत. ते चित्र काढायला कायकॅडच वापरतं आणि एनजीस्पाइस नावाच्या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची जोड देऊन, सर्किट प्रत्यक्ष न बनवता पडद्यावरच चालवून बघू देतं. (ई-सिम म्हटल्यावर मुलाच्या आईला वाटलं फोनचं सिमकार्ड. तिचं काही चुकलं नाही.) तिथलेच प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये दहा-दहा मिनिटांचे धडे असतात आणि अनेक धड्यांचा आवाज मराठीसकट भारतीय भाषांत केलेला असतो. पडद्यावर इंग्रजी, कानात आपली भाषा. ही कल्पना मला फार आवडली, कारण शेवटी काम इंग्रजी पडद्यावरच करायचंय हे त्यांनी नाकारलेलं नाही. कायकॅडवरही त्यांची मालिका आहे. पण धडा ज्या आवृत्तीवर केला ती जुनी. धड्यातली बाई सांगते इथे क्लिक करा, आणि आपल्या पडद्यावर तिथे काहीच नसतं. पाठ्यपुस्तक बदललं आणि गाइड जुनंच राहिलं, ही तर आमच्या खात्यातली जुनीच ओळखीची व्याधी. दोष कुणाला देणार? सॉफ्टवेअर दरवर्षी कात टाकतं. तितक्या वेळा धडे पुन्हा कोण रेकॉर्ड करणार?

बोर्ड आले. हिरवेगार, गुळगुळीत, दहा. मुलानं एक हातात घेऊन तळहातावर असा धरला की जणू दहावीची मार्कशीट. दुपारी सगळे भाग डकवले, बॅटरी लावली, दोन तारा पाण्याच्या पेल्यात सोडल्या.

आवाज नाही.

सॉफ्टवेअरच्या तपासणीत एकही चूक नव्हती. लाल बाण शून्य. आणि घंटा मुकी. त्याचं तोंड बघवेना. भिशीचे पैसे, आईचे!

संध्याकाळपर्यंत शोधलं. घोळ ट्रान्झिस्टरच्या तीन पायांचा होता. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला बीसी ५४७: सपाट बाजू आपल्याकडे करून, पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सॉफ्टवेअरच्या यादीत साध्या ट्रान्झिस्टरची चिन्हं पायांच्या क्रमानुसार वेगवेगळी ठेवलेली असतात आणि नावाच्या शेवटची तीन अक्षरं तो क्रम सांगतात. त्यानं घेतलेल्या चिन्हाच्या शेवटी होतं ई-बी-सी. म्हणजे नेमका उलटा. पडद्यावर दोन्ही चिन्हं हुबेहूब सारखी दिसतात. आणि दुकानदारानं पुडीत काय बांधून दिलंय हे सॉफ्टवेअरला दिसणार कसं? त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल.

मी म्हटलं, "उलटा आहे ना? मग उलटा लाव."

"बाई, तसं नसतं..." म्हणता म्हणता तो थांबला. मधला पाय मधलाच राहतो. ट्रान्झिस्टर अर्धा फिरवला की कडेचे दोघं जागा बदलतात. छापलेल्या आकृतीच्या विरुद्ध, सपाट बाजू पलीकडे करून बसवला. तारा पेल्यात सोडल्या आणि असा काही आवाज झाला की शेजारच्या काकू दार वाजवत आल्या. दहाही बोर्ड वाचले. प्रत्येकावर ट्रान्झिस्टर आकृतीला पाठ करून बसलाय, एवढंच.

एक हौस मात्र राहून गेली. बोर्डावर मराठीत 'पाणी आलं' असं छापावं, अशी माझी इच्छा होती. आमच्या जुन्या आवृत्तीत अक्षरं तिच्या स्वतःच्या रेघांच्या वळणाची. आपल्या वेलांट्या आणि काने तिथे नीट बसेनात. चित्र करून आत आणायची सोय असते, पण वेळ उरला नव्हता. २०२३ च्या सातव्या आवृत्तीपासून संगणकातले आपले फॉन्ट बोर्डावर वापरता येतात असं वाचलं, पण ती या लॅपटॉपवर चढत नाही. म्हणून मी तांबड्या मार्करनं दहाही बोर्डांवर हातानं लिहिलं. अक्षर अजून बरं आहे माझं.

आता एक वही चालू आहे, दोनशे पानी. डाव्या पानावर मुलगा सॉफ्टवेअरचा इंग्रजी निरोप जसाच्या तसा उतरवतो, उजव्या पानावर मी त्याचा अर्थ लिहिते आणि खाली तो स्वतः एक ओळ लिहितो, ते का आलं आणि काय केल्यावर गेलं. पॉवर फ्लॅगच्या पानावर हयातीचा दाखला आहे. अंगणाच्या पानावर त्याच्या गल्लीचं छोटं चित्र त्यानं काढलंय, ते मी खोडलेलं नाही. ट्रान्झिस्टरच्या पानावर बीसी ५४७ चिकटपट्टीनं लावून ठेवलाय, खरा. त्याच्या वर्गातली मुलं पानांचे फोटो काढून नेतात. परवा एक मुलगी विचारायला आली की फोरलेयर बोर्डाचं पान आहे का. म्हटलं, अजून नाही, तू अडकलीस की ये.

गेल्या आठवड्यात त्याला सेकंडहँड लॅपटॉप मिळाला, नवी आवृत्ती चढली. पहिल्याच दिवशी फोन: "बाई, आपल्या वहीतली दोन बटणं जागेवर नाहीत." रविवारी येतोय. मी उजवी पानं पहिल्यापासून पेन्सिलीनंच लिहिली आहेत.